घाट चढणारी गाडी आणि बलांचा जमाखर्च

मराठीत 'जड' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. बाजारातून आणलेल्या भरल्या पिशवीला जड म्हटले जाते तेव्हा तिच्या वजनाविषयी बोलले जाते. कीर्तनात किंवा तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात 'जड' आणि 'चेतन' ही जोडी येते तेव्हा मात्र ज्याला स्वतःची इच्छा नाही आणि जे आपणहून काहीच करू शकत नाही, अशा पदार्थाचा निर्देश होतो. पदार्थविज्ञानातील 'जडत्व' या संज्ञेचे नाते या दुसऱ्या अर्थाशी आहे. वस्तू आपल्या गतीत आपणहून कोणताही बदल करू शकत नाही, हा तिचा धर्म म्हणजे जडत्व. व्यवहारात मात्र हा शब्द ऐकताच जागचा न हलणारा धोंडा डोळ्यांपुढे उभा राहतो आणि अर्थाची एकच बाजू ध्यानात राहते. थांबलेली वस्तू आपणहून चालू लागत नाही, हे कोणीही मान्य करतो. चालती वस्तू आपणहून थांबतही नाही, ही दुसरी बाजू पचनी पडत नाही. युरोपातही वेगळे घडले नाही. योहान्नेस केप्लर याने सतराव्या शतकाच्या आरंभी 'आळशी' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून जी संज्ञा वापरात आणली, तिने त्याला वस्तूचा विश्रांतीकडे असलेला ओढाच सुचवायचा होता.

गती टिकून राहण्यासाठी बल लागत नाही, ती बदलण्यासाठी लागते, एवढाच या विषयाचा गाभा आहे. वाक्य एका ओळीचे असले, तरी ते स्पष्टपणे मांडले जाण्यास दोन हजार वर्षे जावी लागली, आणि शाळेत ते पाठ केलेला विद्यार्थी आजही रस्त्यावर हातगाडी ढकलताना मनोमन उलटेच समजत असतो. याचे कारण बुद्धीच्या उणिवेपेक्षा रोजच्या अनुभवाच्या स्वरूपात शोधावे लागते.

ओढल्याशिवाय काही चालत नाही

बैल थांबले की बैलगाडी थांबते, पायडल मारणे सोडले की सायकल मंदावते, आणि झोके घेणाऱ्याने पाय मारणे बंद केले की झोपाळा हळूहळू जागेवर येतो. अशा असंख्य अनुभवांतून 'गती हवी असेल तर कोणीतरी सतत ओढत किंवा ढकलत राहिले पाहिजे' असा निष्कर्ष काढला गेला, तर त्यात नवल नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४–३२२) याने या निष्कर्षाला शास्त्राचे रूप दिले. दगड खाली पडतो आणि धूर वर जातो ती त्याच्या मते नैसर्गिक गती. उरलेली सारी गती सक्तीची, आणि सक्तीच्या गतीला चालवणारा कोणीतरी वस्तूला सतत चिकटून असला पाहिजे. धनुष्यातून सुटलेल्या बाणाला दोरीचा स्पर्श उरत नाही, तरी तो पुढे जातच राहतो, ही अडचण सोडवण्यासाठी बाणाभोवतीची हवाच त्याला मागून रेटते, असा खुलासा करावा लागला. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनस याने त्यावर आक्षेप घेतला, तर चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदान याने फेकणाराच फेकलेल्या वस्तूत एक प्रकारची प्रेरणा भरतो, असे मांडले.

भारतीय परंपरेत वैशेषिक दर्शनाने हाच प्रश्न हाताळला होता. त्या दर्शनात 'संस्कार' नावाचा एक गुण मानला असून वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. बाण धनुष्यातून सुटल्यावर वेग या संस्कारामुळे पुढे जातो आणि तो संस्कार सरला की गुरुत्वामुळे खाली पडतो, अशी ती उपपत्ती आहे. आजच्या मराठी पाठ्यपुस्तकांतील वेग, गुरुत्व आणि स्थितिस्थापकत्व हे शब्द त्याच घराण्यातले आहेत, फक्त त्यांचे अर्थ बदलले आहेत. गतीला काहीतरी कारण हवेच, आणि ते बाहेर दिसत नसेल तर वस्तूच्या आत असले पाहिजे, ही समजूत मात्र या सर्व विचारवंतांत समान होती.

तिच्यातील त्रुटी बैलगाडीच्या चाकातच दडलेली होती. आसाला वंगण दिले की तेच बैल तीच गाडी कमी कष्टात ओढतात, हे प्रत्येक गाडीवानाला ठाऊक होते. म्हणजे बैलांचा जोर गाडी 'चालवण्यात' खर्च होत नव्हता. आस आणि चाक, चाक आणि माती यांच्यातील घर्षण तो गिळत होते. दोन पृष्ठभाग एकमेकांना लागून सरकताना त्या सरकण्याला जो विरोध होतो त्याला घर्षण म्हणतात. बैल दिसतात आणि घर्षण दिसत नाही, त्यामुळे हिशेबाच्या वहीत एकच बाजू लिहिली गेली आणि दुसरी बाजू शतकानुशतके कोरी राहिली.

उतरणीवरची गोळी

ही कोरी बाजू भरण्याचे काम इटलीच्या गॅलिलिओ गॅलिली (१५६४–१६४२) याने केले. सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत सरळ खाच कोरून, तिच्यात गुळगुळीत चर्मपत्र बसवून, तुळईचे एक टोक उचलून त्याने काशाची गोळी घरंगळत सोडली. सेकंद मोजणारी घड्याळे तेव्हा नव्हती, म्हणून मोठ्या भांड्यातून बारीक धारेने गळणारे पाणी पेल्यात धरून आणि ते तोलून वेळ काढली. दुप्पट वेळात गोळी चौपट अंतर जाते आणि तिप्पट वेळात नऊपट, हा नियम अशा साध्या साधनांतून सिद्ध झाला व १६३८ मध्ये लायडन येथे छापलेल्या त्याच्या अखेरच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला.

जडत्वाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला तो या प्रयोगापुढचा विचार. एका उतारावरून सुटलेली गोळी समोरच्या चढावर चढली, तर घर्षण जितके कमी तितकी ती मूळ उंचीच्या जवळ पोहोचते. समोरचा चढ अधिक सौम्य केला, तर तीच उंची गाठण्यासाठी तिला अधिक लांब जावे लागते. चढ आणखी सौम्य केला, तर आणखी लांब. चढ पूर्णपणे नाहीसा करून पृष्ठभाग सपाट केला, तर ती उंची कधीच येणार नाही आणि म्हणून गोळीला थांबण्याचे कारणही उरणार नाही. असा घर्षणरहित पृष्ठभाग गॅलिलिओपाशी नव्हता, पण आहे त्या पृष्ठभागांना क्रमाने लावून तो क्रम कोणत्या टोकाकडे जातो, हे त्याने पाहिले. त्याच्या मनातील 'सपाट' म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाला धरून जाणारा मार्ग होता, आणि तो काटेकोरपणे पाहता वर्तुळाकार ठरतो. मोकळी सोडलेली वस्तू सरळ रेषेत जाते, हे १६४४ मध्ये रने देकार्त याने नेमके मांडले.

या दोन्ही धाग्यांचा गोफ आयझॅक न्यूटन याने १६८७ मध्ये लॅटिन भाषेत प्रसिद्ध केलेल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात विणला. वस्तूवर बाहेरून कोणतेही असंतुलित बल कार्य करत नसेल, तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहते, हा त्याचा पहिला नियम होय. येथे 'वेग' हा शब्द पारिभाषिक आहे: किती भरभर जायचे एवढेच सांगणाऱ्या राशीला चाल म्हणतात, आणि किती भरभर व कोणत्या दिशेने हे दोन्ही सांगणाऱ्या राशीला वेग. या नियमाने विराम आणि एकसमान गती यांना एकाच रांगेत बसवले, कारण दोन्ही अवस्थांना खुलाशाची गरज नसते. खुलासा मागितला जातो तो एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचा. १९७७ मध्ये अवकाशात सोडलेले व्हॉयेजर १ हे यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे, आणि त्यासाठी कोणतेही इंजिन त्याला मागून रेटत नाही. यानावरच्या छोट्या झोतांचे काम त्याचा अँटेना पृथ्वीकडे रोखून धरण्याचे आहे. तेथे वंगण लावावे असे घर्षणच नाही, त्यामुळे गॅलिलिओने कल्पिलेला सपाट रस्ता त्या यानाला जवळजवळ मिळाला आहे.

बोरघाटातील बेरीज-वजाबाकी

पृथ्वीवर घर्षण सुटत नाही, वजन सुटत नाही आणि वाराही सुटत नाही. म्हणून येथे एका वस्तूवर एकाच वेळी अनेक बले लागलेली असतात. त्या सर्वांची दिशा लक्षात घेऊन केलेली बेरीज म्हणजे परिणामी बल. विरुद्ध दिशांची बले एकमेकांच्या बरोबरीची ठरली आणि शिल्लक शून्य आली, तर ती संतुलित बले. काही शिल्लक उरली, तर ती असंतुलित. रस्सीखेचीत दोन्ही संघ टाचा रोवून मागे रेलतात, दोराला पीळ बसतो, चेहरे लाल होतात, आणि तरी मधला रुमाल तसूभरही हलत नाही, तेव्हा दोरावर बल नाही असे कोणी म्हणणार नाही. बले भरपूर आहेत, पण त्यांची शिल्लक शून्य आहे.

या उदाहरणामुळे संतुलित बले म्हणजे स्थिरता, असे समीकरण मनात बसते आणि विषयातला मोठा घोटाळा तेथूनच सुरू होतो. तो दूर करण्यास कर्जत–लोणावळा हा लोहमार्ग फार उपयोगी आहे. १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झालेला बोरघाटातील हा मार्ग सुमारे ५५० मीटर उंची चढतो आणि त्याचा तीव्र चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर येते. रस्त्याच्या मानाने हा चढ किरकोळ वाटेल, परंतु लोखंडी रुळांवरून धावणाऱ्या लोखंडी चाकांच्या गाडीला तो फार मोठा असतो. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागच्या बाजूने जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या बोलीत त्यांना 'बँकर' म्हणतात, आणि ती लागताना शेवटच्या डब्यापासून पुढे सरकत येणारा हलका धक्का नेहमीच्या प्रवाशांच्या ओळखीचा असतो.

हिशेबासाठी इंजिनांसह १,००० टन वजनाची गाडी घेतली आणि वळणांमुळे वाढणारा रोध बाजूला ठेवला, तर जमाखर्च असा मांडता येतो. ३७ ला १ या चढावर गाडीच्या वजनाचा सदतिसावा हिस्सा, म्हणजे सुमारे २७ टन वजनाएवढे बल, तिला रुळाच्या दिशेने खाली ओढते. रुळावर फिरणाऱ्या चाकांचा आणि इतर भागांचा रोध कमी वेगात वजनाच्या हजारातल्या एक-दोन भागांइतकाच असतो. तो २ टन धरला, तर एकूण विरोध २९ टनांचा होतो. पुढच्या आणि मागच्या इंजिनांनी मिळून बरोबर २९ टनांचा जोर लावला, तर शिल्लक शून्य, बले संतुलित, आणि तरीही गाडी थांबलेली नाही: ती ताशी ३० किलोमीटरने चढत असेल, तर ताशी ३० किलोमीटरनेच चढत राहील. थांबलेली गाडी सुरू करायची असेल, तर मात्र २९ टनांहून अधिक जोर लावावा लागेल, कारण तेथे वेग शून्यावरून वाढवायचा आहे. वेग हवा तेवढा झाला की जोर पुन्हा २९ टनांवर आणता येतो.

आता इंजिनांचा जोर २४ टनांवर घसरला, असे समजू. शिल्लक ५ टनांची आणि तीही उताराच्या दिशेने आहे, म्हणून गाडी लगेच मागे सरकू लागेल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती वरच जात राहते, फक्त मंदावत जाते. ताशी ३६ किलोमीटर वेग असेल, तर पूर्ण थांबण्यापूर्वी ती तीन मिनिटांहून अधिक काळ चालते आणि सुमारे १ किलोमीटर चढून जाते. त्या साऱ्या वेळात परिणामी बल मागे आणि गती पुढे, अशी स्थिती असते. बल गतीची दिशा दाखवत नाही, गतीतील बदलाची दिशा दाखवते, हे याहून स्पष्ट दिसणे कठीण. वेग बदलण्याच्या या दराला त्वरण म्हणतात, आणि परिणामी बलाला वस्तुमानाने भागले की त्वरण मिळते, हा न्यूटनचा दुसरा नियम होय.

उतरताना वही उलटी होते. तेच २७ टन आता गाडीला पुढे ओढतात, रोध जेमतेम २ टनांचा, आणि वेग वाढू नये म्हणून उरलेल्या २५ टनांचा भार ब्रेकांनी उचलावा लागतो. ब्रेक हे केवळ थांबण्याचे साधन आहे ही समजूत घाटात टिकत नाही. तेथे ते एकसमान गती राखण्याचे साधन असते. ते निकामी झाले तर काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून घाटात 'कॅच सायडिंग' नावाचे फाटे काढलेले आहेत. मुख्य मार्गापासून फुटणारा असा रूळ डोंगराच्या अंगाने चढत जातो आणि तेथेच संपतो. उतरणारी गाडी ताब्यात आहे याची खात्री पटल्यावरच सांधे मुख्य मार्गाकडे वळवले जातात. अनावर झालेली गाडी त्या चढावर शिरते, उतारावर मिळवलेला वेग चढण्यात गमावते आणि थांबते. एका उतारावरून सुटून समोरच्या चढावर चढणारी गॅलिलिओची काशाची गोळी ती हीच, फक्त तिचे वजन आता हजार टन झालेले आहे.

पावसाचा थेंब

संतुलित गतीचा आणखी एक नमुना दर पावसाळ्यात डोक्यावर पडतो. हवा नसती, तर १ किलोमीटर उंचीवरच्या ढगातून निघालेला थेंब जमिनीवर पोहोचेपर्यंत ताशी ५०० किलोमीटर वेग गाठून बसला असता आणि कोकणात आषाढात घराबाहेर पडणे जिवावर बेतले असते. प्रत्यक्षात थेंब जसजसा वेगाने पडू लागतो तसतसा हवेचा रोध वाढतो, आणि पहिल्या दहा-वीस मीटरांतच तो थेंबाच्या वजनाची जवळजवळ बरोबरी करतो. त्यानंतर शिल्लक शून्य होते आणि थेंब त्याच वेगाने उरलेले सारे अंतर कापतो. या वेगाला अंतिम वेग म्हणतात. टपोऱ्या, ५ मिलिमीटर व्यासाच्या थेंबासाठी तो सेकंदाला सुमारे ९ मीटर आणि १ मिलिमीटरच्या थेंबासाठी सुमारे ४ मीटर असतो. थेंब 'पडत' असतानाही त्याच्यावरील बले संतुलित असतात. खाली ओढणारे वजन नाहीसे झालेले नसते, त्याला तोडीस तोड मिळालेली असते.

जोडीची बले आणि बरोबरीची बले

'तोडीस तोड' या शब्दप्रयोगापाशीच आणखी एक गल्लत संभवते. प्रत्येक बलाला तेवढेच आणि विरुद्ध दिशेचे प्रतिक्रिया बल असते, हा न्यूटनचा तिसरा नियम. मग सर्वच बले एकमेकांना छेदून का जात नाहीत आणि जगात काही हलते तरी कसे, अशी शंका जिज्ञासू विद्यार्थी हमखास काढतो. तिचे उत्तर 'कोणावर' या एका प्रश्नात आहे. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचे वजन त्याला खाली ओढते आणि टेबल त्याला वर रेटते. ही दोन्ही बले पुस्तकावरच लागतात, म्हणून ती एकमेकांना संतुलित करतात. मात्र ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. पृथ्वी पुस्तकाला ओढते तेव्हा पुस्तकही पृथ्वीला तेवढ्याच बलाने वर ओढत असते, आणि ती खरी जोडी. जोडीतली दोन बले नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात, म्हणून ती एकाच वहीत जमा-खर्च म्हणून मांडता येत नाहीत.

घाटातल्या इंजिनाला हे तंतोतंत लागू पडते. इंजिनाचे चाक रुळाला मागे रेटते आणि रूळ चाकाला पुढे रेटतो. यातले दुसरे बल तेवढे गाडीच्या खात्यात जमा होते. रूळ ओला किंवा तेलकट असेल, तर चाकाला रुळावर पकड मिळत नाही, चाक जागच्या जागी फिरते आणि इंजिनाची ताकद शाबूत असूनही गाडी पुढे सरकत नाही. म्हणूनच इंजिनांवर वाळूच्या पेट्या असतात आणि गरज पडताच चाकाखाली रुळावर वाळू सोडली जाते. ज्या घर्षणाने गाडीवानाला छळले, त्याच घर्षणावाचून आगगाडीचे पान हलत नाही.

वजन निराळे, वस्तुमान निराळे

जडत्व सर्व वस्तूंत सारखे नसते. रिकामी हातगाडी एका हाताने ढकलता येते, धान्याच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी सुरू करण्यासाठी हमालाला अंग टाकावे लागते, आणि एकदा वेगात आली की तिला आवरण्यासाठीही तेवढेच अंग टाकावे लागते. बदलाला होणाऱ्या या विरोधाचे माप म्हणजे वस्तुमान. वजन ही वेगळी राशी असून ते पृथ्वीने वस्तूला ओढण्याचे बल आहे. चंद्रावर वजन सहापटीने घटते, वस्तुमान तेवढेच राहते. तेथेही भरलेली हातगाडी तितक्याच झटकन वेगात आणायची, तर चाकांचे घर्षण सोडून तितकाच जोर लागेल. अंतराळ स्थानकात तर तराजूचा काटा निरुपयोगी ठरतो, म्हणून अंतराळवीरांचे वस्तुमान काढण्यासाठी त्यांना स्प्रिंगने ओढून किंवा झुलवून त्यांची गती किती सहज बदलते, हे मोजले जाते. म्हणजे तेथे जडत्वालाच तोलले जाते.

घरातही हा गुण सतत कामाला लावला जातो. गोधडी झटकली की कापड एकदम मागे येते, धूळ होती तेथेच राहू पाहते आणि सुटी होते. बोरीची फांदी गदगदा हलवली की बोरे फांदीबरोबर हलण्यात मागे पडतात आणि देठापासून तुटतात. कॅरमच्या बोर्डावर सोंगट्यांची चवड रचून तळच्या सोंगटीला स्ट्रायकर नेमका आणि जोरात मारला, तर तेवढीच सोंगटी निसटते व वरची चवड जागच्या जागी खाली बसते. वरच्या सोंगट्यांना घर्षणाचे बल लागत नाही असे नाही, पण ते इतका थोडा वेळ लागते की त्यांच्या वेगात जाणवण्याजोगा बदल होण्यापूर्वीच खालची सोंगटी निघून गेलेली असते.

वेगाची दिशा बदलायलाही बल लागते, याचा दाखला ज्वारीच्या शेतात पाखरे राखणाऱ्याची गोफण देते. १०० ग्रॅम वजनाचा दगड मीटरभर दोरीने सेकंदाला तीन फेऱ्या घेत फिरत असेल, तर त्याची चाल बदलत नाही, पण दिशा क्षणोक्षणी बदलत राहते, आणि त्या बदलासाठी दोरीला साडेतीन किलो वजनाइतक्या ताणाने त्याला आत, हाताकडे ओढावे लागते. दोरीचे एक टोक सोडताच हे बल संपते आणि दगड त्या क्षणी ज्या दिशेला चाललेला असतो त्याच दिशेला सरळ निघून जातो. तो बाहेर 'फेकला' जात नाही, त्याला आत वळवणारे कोणी उरत नाही. म्हणून राखणदाराचे सारे कौशल्य दोरी नेमक्या कोणत्या क्षणी सोडायची यात असते.

शरीराला कळतो तो धक्का

एसटी सुरू होताना उभे प्रवासी मागे कलतात, ब्रेक लागताच पुढे झुकतात आणि घाटाच्या वळणावर एकमेकांवर रेलतात. वाहक मात्र पाय फाकवून आणि पाठ आसनाला टेकवून तिकिटे फाडत राहतो, कारण बसच्या वेगात होणारा प्रत्येक बदल आपल्या शरीरापर्यंत पोहोचवणारे बल पायांतून आणि पाठीतून घेण्याची सवय त्याने लावून घेतलेली असते. सरळ रस्त्यावर एकसमान वेगाने चाललेल्या बसमध्ये या कसरतीची गरज नसते. १६३२ च्या ग्रंथात गॅलिलिओने जहाजाच्या बंद खोलीचे जे उदाहरण दिले आहे त्याचा आशय हाच आहे: शांत पाण्यावर एकसमान वेगाने चाललेल्या जहाजात थेंब सरळ खालच्याच भांड्यात पडतात, आणि आतल्या कोणत्याही हालचालीवरून जहाज चालले आहे की उभे, हे सांगता येत नाही. १६४० मध्ये फ्रान्समधील मार्सेय बंदरात पिएर गासेंदी याने चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून गोळे सोडून ते डोलकाठीच्या पायथ्याशीच पडतात, हे दाखवले. मुंबईच्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग तिच्या आसाभोवती ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरतो आणि तरी कोणाला चक्कर येत नाही, याचे कारणही तेच आहे. या फिरण्यात दिशा बदलते, पण इतकी सावकाश की शरीराला तिची दखल घ्यावी लागत नाही.

मोटारीच्या अपघातात ही दखल सेकंदाच्या एका लहानशा अंशात घ्यावी लागते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कठड्यावर आदळून थांबते तेव्हा तिच्यातला ६० किलोचा प्रवासी अजूनही सेकंदाला २० मीटर वेगानेच पुढे जात असतो, आणि हा वेग सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून पडून जमिनीवर पोहोचताना मिळणाऱ्या वेगाएवढा असतो. पट्टा बांधलेला असेल, तर तो मोटारीच्या चेपणाऱ्या पुढच्या भागाबरोबर सुमारे ८० सेंटीमीटर अंतरात थांबतो आणि त्याच्यावर सरासरी दीड टन वजनाइतके बल येते. पट्टा नसेल, तर आधीच थांबलेल्या डॅशबोर्डवर आपटून तो जेमतेम ८ सेंटीमीटरांत थांबतो आणि तेच बल पंधरा टनांवर जाते. मागच्या आसनावर बसलेल्याच्या बाबतीत डॅशबोर्डची जागा पुढच्या आसनावरील माणसाची पाठ घेते, एवढाच फरक. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा तीन बिंदूंचा पट्टा स्वीडनच्या निल्स बोलिन याने १९५९ मध्ये व्होल्वो मोटारींसाठी तयार केला. तो शरीराचे जडत्व कमी करत नाही, तेच जडत्व आवरण्यासाठी अधिक अंतर मिळवून देतो.

या साऱ्या हिशेबाची शेवटची ओळ लोणावळ्याला लिहिली जाते. घाट संपतो, रूळ जवळजवळ सपाट होतात, मागची बँकर इंजिने सुटतात आणि गाडी पुण्याच्या दिशेने निघते. चढावर ताशी ३० किलोमीटर वेग राखण्यासाठी जिला २९ टनांचा जोर लागत होता, तिला सपाटीवर तोच वेग राखण्यासाठी २ टन पुरतात. गाडी तीच आणि वेगही तोच. घाटात खर्ची पडणारे २७ टन वेगाच्या नावावर कधी नव्हतेच, ते डोंगराच्या नावावर होते.